काढ्यातली मुळी आणि पेटीतलं वेखंड

माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक पडलंय, हे मला दक्षिण कोरियातल्या जॉन्जू शहरात, एका खानावळीच्या उंबऱ्यावर कळलं. बूट काढले, पाय वर ठेवला आणि अंगठ्याने बाहेर डोकं काढलं. लेक म्हणाली, "आई, तुला निघताना सांगितलं होतं ना, इथे दिवसभर बूट काढावे लागतील म्हणून?" सांगितलं होतं. पण एकसष्टाव्या वर्षी बाई गुडघ्याचा पट्टा, रक्तदाबाची गोळी आणि पाण्याची बाटली तपासते, मोजे नाही.

लेक देजॉनला संशोधन करते. मी तिच्याकडे पाच आठवड्यांसाठी आलेय, त्यातले तीन संपले. एवढ्या दिवसांत मी तिचं फडताळ दोनदा आवरलं आणि खालच्या दुकानातल्या बाईशी खाणाखुणांनी मैत्री केली. तेव्हा लेकीने ठरवलं, आईला एक दिवस बाहेर काढायचं. "खायचं, चहा प्यायचा, जुनं काहीतरी बघायचं. तुला आवडेल असं," म्हणाली. तिच्या मते मला जुनं सगळंच आवडतं. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढल्यावर आणखी काय होणार!

सॉदेजॉन स्टेशनवरून सकाळची मुगुंगह्वा गाडी पकडली. ही त्यांची साधी, सगळीकडे थांबणारी गाडी. मुगुंगह्वा हे कोरियाचं राष्ट्रीय फूल, आपल्या जास्वंदीच्याच जातीचं. वेगवान गाडी सोडून हिने का जायचं, तर म्हणे आईला खिडकीतून बघता येईल. बघितलं. कापणी झालेली भातखाचरं, पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पेंढ्याचे अजस्र गोळे, आणि झाडावर एकही पान नसताना नुसती लगडलेली तेंदूसारखी केशरी फळं. दीडएक तास कसा गेला कळलं नाही.

जॉन्जूचं हानोक गाव म्हणजे शहराच्या मधोमध सातशेहून जास्त जुन्या धाटणीच्या कौलारू घरांची वस्ती. कौलं काळी-करडी, कडा वर उचललेल्या, नेसलेल्या लुगड्याचा काठ जरा वर खोचावा तशा. मुख्य रस्त्यावर मात्र जत्रा. भाड्याचे हानबोक, म्हणजे त्यांचे पारंपरिक पोशाख, घालून फोटो काढणारी पोरं-पोरी, काडीला टोचलेलं काहीबाही खाणारी माणसं. लेकीने मलाही हानबोक घालायला लावायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, नऊवारी नेसून माझा एक फोटो आहे, तेवढा पुरे. तो विषय तिथे संपला. कोपऱ्यावर जॉनदोंगचं विटांचं चर्च आहे, १९१४ साली पुरं झालेलं. बाहेरून पाहिलं, छान आहे, पुढे गेलो. पोटात कावळे ओरडत होते.

आता ती खानावळ. जॉन्जू बिबिम्बापसाठी प्रसिद्ध आहे. 'बिबिम' म्हणजे कालवणं आणि 'बाप' म्हणजे शिजवलेला भात. (हा शब्द लेकीने पहिल्यांदा फोनवर सांगितला तेव्हा हे म्हणाले होते, "तिकडे बापाला कालवतात की काय?") मी मासे-मटण खाते, गोमांस खात नाही. इथे मेख अशी की जॉन्जूच्या अस्सल पद्धतीत भात गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात आणि वर कच्च्या मांसाच्या बारीक चिरलेल्या काड्या ठेवतात. लेकीने आदल्या रात्री तीन ठिकाणी फोन केले. तिसऱ्या ठिकाणच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे भात साध्या पाण्यात शिजतो, मांस घालणार नाही, लाल मिरचीची पेस्टही बिनमांसाची वेगळी देते, या.

त्या बाईंना लेक 'इमो' अशी हाक मारत होती. मी विचारलं, तुझी ओळख आहे का? तर नाही. 'इमो' म्हणजे मावशी, आणि खानावळीतल्या बाईला इथे सगळे मावशीच म्हणतात. हे ऐकलं आणि मी आपोआप जरा ऐसपैस बसले.

बसायचं जमिनीवर. जमीन गरम! आमटीचं पातेलं उतरवल्यावर ओट्याचा तेवढा भाग जसा ऊबदार राहतो, तशी सगळी खोली. ह्याला ओंदोल म्हणतात. पूर्वी चुलीचा धूर आणि आच जमिनीखालच्या बोळांतून फिरवायचे, आता गरम पाण्याचे पाइप असतात. माझा गुडघा तीन आठवड्यांत पहिल्यांदा गप्प बसला. भोकाचा अंगठा मी मांडीखाली दडवला होता, तोही शेकून निघाला.

मग ताट आलं. ताट कसलं, वाट्यांचा संसार. बान्छान म्हणजे तोंडी लावणी, ती न मागता येतात, संपली की पुन्हा येतात आणि त्यांचे पैसे लावत नाहीत. मी मोजली, नऊ. कोबीची किमची (आंबवलेलं लोणचं), मुळ्याची पातळ पाण्यातली किमची, पालकाला तिळाचं तेल लावलेलं, छोट्या सुक्या मासळीला साखर-सोया सॉसचा पाक, आणि असंच. मुळ्याचं पाणी मी एका दमात संपवलं, तर इमोने दुसरी वाटी आणून ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेक म्हणाली, "संपवलीस की भरणारच. थांबायचं असेल तर थोडं उरव." आमच्या आजेसासूबाईंच्या पंगतीचा नियम. जगभर एकच बाई वाढत फिरते बहुतेक.

मधोमध बिबिम्बापचं भांडं. ते पाहिलं आणि मी खाण्याचं विसरले. पिवळसर, जड, आतून बारीक ठोक्यांच्या खुणा असलेलं. नखाने टिचकी मारली. टण्ण... आणि तो नाद लांबत गेला. "अगं, हे तर कासं!" लेकीने फोनवर शोधलं. बांगज्जा म्हणतात ह्याला, ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथिल, तापवून ठोकून घडवलेलं. म्हणजे कासंच. माझ्या आईकडे एक काशाची वाटी होती. त्या वाटीत ती कधी काही खात नसे. उन्हाळ्यात तूप लावून तळपाय घासायला ती वाटी. आता तेच कासं माझ्यासमोर भाताने भरून ठेवलेलं, आणि इकडे मी मोज्याचं भोक लपवत बसलेली.

भांड्यात भात दिसतच नव्हता. त्याच्यावर रंगांच्या पाकळ्या: गाजर, काकडी, मश्रूम, नेच्याचे तपकिरी कोवळे देठ, मोड आलेलं सोयाबीन आणि मधोमध कच्चं पिवळं बलक. मोड म्हणजे आपल्या मटकीसारखे आखूड नाहीत. वीतभर पांढरी शेपटी आणि टोकाला पिवळं डोकं. एक पाकळी पिवळ्याधमक वड्यांची होती, थुलथुलीत. ती मुगाच्या सत्त्वाची, ह्वांगफोमुक. पिवळा रंग कशाचा विचाराल तर अनंताच्या फळाचा. आपण अनंताचं फूल केसांत माळतो, त्याच्या फळाचं काही करता येतं हे माझ्या गावीही नव्हतं. चवीला त्या वड्या तशा काहीच लागत नाहीत. पण तिखटाच्या घासात मध्येच एक गार, गुळगुळीत वडी आली की जिभेला बरं वाटतं.

मी चमच्याने एका कडेने खायला सुरुवात केली. थोडा भात, थोडं गाजर. मला ताटात सरमिसळ चालत नाही. भाताला भाजीचा रस्सा लागला तरी मी आळं घालून तो अडवते. इमो लांबून बघत होती. दोन मिनिटं तिने सहन केलं. मग आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली, मला काहीही न विचारता माझ्या चॉपस्टिक उचलल्या आणि भांड्यात खालून वर असा एक वळसा घातला. चमच्याने नाही हं, मुद्दाम काड्यांनी. चमच्याने भाताची शितं चेंगरतात. दुसरा वळसा, तिसरा. बलक फुटलं, लाल पेस्ट पसरली, पाकळ्या मोडल्या. माझ्या डोळ्यांदेखत त्या सुंदर रांगोळीचा काला झाला. मग तिने माझा चमचा भरला आणि माझ्या हातात दिला. तोंडाजवळ नेऊन भरवलं नाही एवढंच.

चांगलं लागलं. म्हणजे खूपच चांगलं. तिखट, गोडसर, तिळाच्या तेलाचा खमंग वास आणि मधूनच मोडांचा कचकच आवाज. मी शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. लेक नुसती हसत होती. तिने आयुष्यभर माझं आळं पाहिलंय.

जेवणानंतर ग्यॉन्गीजॉन. तीन हजार वॉनचं तिकीट. मी जरा सुस्तावलेलीच आत शिरले, म्हटलं राजाचं देऊळ असेल, फिरून येऊ. चोसन राजघराण्याचा संस्थापक थेजो, त्याचं चित्र ठेवायला १४१० साली हे बांधलं. या घराण्याचं मूळ जॉन्जूचं. निळा झगा घातलेला राजा समोर बघत बसलाय. आजचं चित्र १८७२ साली जुन्यावरून उतरवलेलं. बाहेर बांबूचं बन, पिवळ्या गिंकोची पानं, हानबोकवाल्या मुली. ठीक.

आणि मग मागच्या बाजूला, उंच खांबांवर उभी असलेली एक लाकडी खोली दिसली. धान्याच्या कोठारासारखी, खालून मोकळी हवा खेळणारी. मी लेकीला विचारलं, हे काय? ती पाटी वाचायला लागली आणि वाचता वाचता म्हणाली, "आई, तुझंच आहे."

ते दप्तर होतं. चोसन राजांच्या काळाची दिवसादिवसाची नोंद, सिल्लोक. १३९२पासून १८६३पर्यंत, पंचवीस राजे. राजा गेल्यावर त्याच्या काळाचा सिल्लोक तयार व्हायचा आणि तो पुढच्या राजालाही वाचायला मिळायचा नाही. एक गंमत लेकीने सांगितली: १४०४ साली थेजोंग राजा शिकारीत घोड्यावरून पडला. उठल्या उठल्या म्हणाला, नोंद करणाऱ्याला हे कळू देऊ नका. हेही त्या पठ्ठ्याने लिहून ठेवलंय! माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत वरून कितीदा 'ही नोंद करू नका' असं आलं होतं, ते आठवून मला तिथेच उभ्या उभ्या हसू फुटलं.

या सिल्लोकच्या चार प्रती चार जागी ठेवलेल्या होत्या. १५९२ साली जपानने स्वारी केली आणि राजधानीतली, छुंगजूची, सॉंगजूची अशा तिन्ही जळाल्या. उरली जॉन्जूची. ती वाचवली जवळपासच्या दोन विद्वानांनी, साठी ओलांडलेला आन उई आणि पन्नाशीतला सोन होंग-रोक. तेरा राजांच्या काळाची दप्तरं, शिवाय राजाचं चित्र, हे सगळं त्यांनी नेजांग डोंगरात नेऊन लपवलं आणि वर्षभर पाळीपाळीने राखण केली. आज आपण १५९२च्या आधीचं चोसन वाचू शकतो ते या एका प्रतीमुळे. युनेस्कोने १९९७ साली ही दप्तरं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली. आजची खोली १९९१ साली पुन्हा बांधलेली आहे, मूळची लढाईतच गेली. पण उंच का बांधली हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ओल! आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात एका पावसाळ्यात जुने गॅझेटियर भिजले होते. वर हलवा म्हणून मी तीन अर्ज केले होते. जाऊ दे.

पुढे जे लेकीने वाचलं त्याने मी जागच्या जागी थबकले. ही दप्तरं दर काही वर्षांनी बाहेर काढून वाऱ्याला, उन्हाला घालायचे. त्याला शब्दच आहे, फोस्वे. आणि पुन्हा पेटीत ठेवताना कसर लागू नये म्हणून दोन वनस्पतींची पूड ठेवायचे: छॉनगुंग आणि छांग्पो.

"छांग्पो म्हणजे काय?"

लेकीने चित्र काढून दाखवलं. पाण्याकाठची लांब हिरवी पाती. खाली शास्त्रीय नाव. ते मी ओळखलं, कारण आमच्याकडच्या वनौषधी कोशाची सूची मी स्वतः केली होती. वेखंड. बाळाच्या टाळूला लावतात ते, कपाटात लुगड्यांच्या घडीत ठेवतात ते, आणि पोथ्यांच्या रुमालात बांधतात तेही. माझ्या आधीचे ग्रंथपाल शेल्फाच्या कोपऱ्यात वेखंडाचे तुकडे ठेवायचे. मग डांबराच्या गोळ्या आल्या आणि पुस्तकांना पुस्तकांचा वास राहिला नाही. लेक म्हणाली, इथे बायका दानो सणाला छांग्पोच्या पाण्याने केस धुवायच्या. मी म्हटलं, "आणि दुसरं? छॉनगुंग?" ते काही ओळखीचं निघालं नाही. कोथिंबिरीच्या कुळातली कसलीशी औषधी मुळी.

त्यानंतर हांजीचं दुकान झालं. हांजी म्हणजे तुतीच्या भावकीतल्या झाडाच्या सालीचा हाताने केलेला कागद. लगदा पाण्यात सारखा पसरावा म्हणून त्यात एका मुळाचा बुळबुळीत रस घालतात, आणि ते झाड निघालं भेंडीचं चुलत भावंड. आता मला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. कागद हजार वर्षं टिकतो आणि रेशीम पाचशे, अशी तिकडे म्हण आहे. मी दोन ताव घेतले, काय करायचं त्याचं हे ठरलेलं नाही.

चारच्या सुमाराला पाय बोलायला लागले. मागच्या गल्लीत, गर्दी संपते तिथे, एका हानोकमध्ये चहाघर होतं. पुन्हा बूट. एव्हाना मी मोजा फिरवून भोक तळव्याखाली घेतलं होतं; अनुभवाने माणूस शहाणं होतं.

चहाला कोरियनमध्येही 'छा'च म्हणतात, पण चहाची पत्ती असायलाच हवी असं नाही. बोरांचा छा, आल्याचा छा, आंबट-गोड-कडू-तिखट-खारट अशा पाचही चवींच्या लाल ओमिजा बोरांचा छा. लेकीने हादोंगचा हिरवा चहा मागवला. जिरी डोंगराच्या त्या उतारावर ८२८ साली चीनहून आणलेलं बी पेरलं, अशी जुन्या इतिहासात नोंद आहे. सगळा सरंजाम एका लाकडी ताटात आला. उकळतं पाणी थेट किटलीत जात नाही. आधी ते एका तोटीच्या उघड्या वाडग्यात ओततात, निवू देतात, मग पत्तीवर. लेकीने पेले भरले ते मला फार आवडलं. माझा पेला एक तृतीयांश, तिचा एक तृतीयांश, मग पुन्हा तिच्याकडून उलट माझ्याकडे येत दोन्ही भरले. म्हणजे वरचा फिका आणि तळाचा कडक असा भेद कुणाच्या वाट्याला येत नाही. ज्या मुलीला मी दहावीपर्यंत दूध गाळून द्यायचे, ती जीभ दातांत धरून माझ्यासाठी चहा ओतत होती. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिची धार चुकली असती.

पण तो चहा तिचा. माझ्यासाठी चहाघरातल्या आजींनी परस्पर दुसरंच ठरवलं. माझ्याकडे, माझ्या गुडघ्याच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, सांगह्वाछा. काळाकुट्ट, जड मातीच्या पेल्यात, वर बोरांच्या चकत्या, चिलगोज्यांसारख्या पाइनच्या बिया आणि मधोमध, होय, पुन्हा एक अख्खं कच्चं बलक. ते फोडायचं नाही, असं आजींनी बजावलं. गरम काढ्यात जरा शेकू द्यायचं आणि चमच्याने अलगद उचलून एका घासात गिळायचं. मी डोळे मिटून गिळलं. मग पहिला घोट घेतला.

काढा! चक्क काढा. ज्येष्ठमध, दालचिनी, आलं हे जिभेला लगेच कळलं. त्यामागे कडू, मातकट, सेलरीच्या देठासारखा कसलातरी वास. मला तो ओळखू येईना. आजींना विचारलं तेव्हा त्या उठल्या आणि भिंतीशी मांडलेल्या काचेच्या बरण्यांपाशी मला घेऊन गेल्या. एकेका बरणीवर बोट ठेवून नाव सांगत होत्या, लेक अर्थ सांगत होती. चौथ्या बरणीत फिकट तपकिरी, फुलपाखराच्या आकाराच्या वाळक्या चकत्या.

"छॉनगुंग."

मी लेकीकडे पाहिलं, लेकीने माझ्याकडे. दुपारी राजांच्या दप्तरांच्या पेटीत होतं तेच. पुस्तकाला कसर लागू नये म्हणून, आणि आता माझ्या गुडघ्याला. मी खुणेने पुस्तक उघडून मिटल्यासारखं केलं आणि बरणीकडे बोट दाखवलं. आजींना काय कळलं देव जाणे, पण त्या जोरात हसल्या, दोन चकत्या काढल्या आणि कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातावर ठेवल्या. पैसे घेतले नाहीत. मी दोन्ही हातांनी घेतलं, कारण इथे तसंच घेतात, आणि आपल्याकडेही प्रसाद तसाच घेतात.

परतीच्या गाडीत लेक म्हणाली, "आई, असली मुळं विमानातून नेऊ देत नाहीत हं." मला माहीत होतं. मी कुठे नेणार होते?

रात्री ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या प्रबंधाच्या कच्च्या खर्ड्यांच्या मागे, शेल्फाच्या डाव्या कोपऱ्यात, ती पुडी सरकवून ठेवली. तिला अजून सांगितलेलं नाही. ती माझा ब्लॉग वाचते, तेव्हा आता कळेलच. राणी, काढू नकोस तिथून. आणि पुढच्या खेपेला वेखंडाचं बघते.